तोंड येणे आणि मार्चअखेरचा ताण : कोणता काढा प्यावा आणि कोणता नुसता तोंडात धरावा?

कागदीलिंबू

नमस्कार. मी पुण्यात लेखापरीक्षणाशी संबंधित एका कार्यालयात काम करते. गेली चार वर्षे फेब्रुवारी संपत आला की माझे तोंड येते. खालच्या ओठाच्या आत किंवा जिभेच्या कडेला मसुराच्या डाळीएवढा पांढरट-पिवळा चट्टा उठतो, त्याच्याभोवती लाल कड असते, आणि आठ-दहा दिवसांनी तो बरा होईतो दुसरा डोके वर काढतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वह्या मिटल्या की तोंडही आपोआप बरे होते, त्यामुळे याचे मूळ ताणात आहे, याविषयी घरात कोणाच्याही मनात शंका उरलेली नाही.

यंदा एकाच औषधाने दोन्ही दुखणी आवरावीत, असे मी ठरवले. आले, तुळस, दालचिनी, चार मिरी आणि ज्येष्ठमधाची मोठी कांडी एकत्र उकळून तो काढा मी थर्मासमध्ये भरून कार्यालयात नेऊ लागले आणि दिवसातून चार-पाच वेळा कढत कढत पिऊ लागले. २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सुचवला होता. त्यात थोडा फेरफार करून आमच्या घरी तो पुढेही सुरू राहिला, हे त्याचे मूळ. पहिल्या घोटालाच तोंडात आग होत असे, परंतु झोंबते आहे म्हणजेच लागू पडते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. दोन आठवड्यांनी दोन चट्ट्यांचे पाच झाले. आता वरणभातसुद्धा डोळ्यांत पाणी आणतो.

माझे दोन प्रश्न आहेत. तोंडाला थंडावा देणारा आणि मन शांत करणारा असा एकच वनस्पतींचा चहा असतो का? नसल्यास दोन वेगळे कोणते, आणि ते कसे करावेत?

तळकोकण

आमच्याकडे तोंड आले की आजी परड्यात जाऊन तोंडलीच्या वेलाची चार कोवळी पाने खुडून आणत असे. ती धुऊन सावकाश चघळायची, रस तोंडात सगळीकडे फिरवायचा आणि चोथा थुंकून टाकायचा, हा तिचा नेम होता. तोंडली खाल्ली की जीभ जड होते, असे आम्हा मुलांना बजावणारी आजी त्याच वेलाची पाने जिभेसाठी देत असे, याची मला त्या वेळीही गंमत वाटे. तोंडली नसेल तेव्हा जाईची पाने किंवा पेरूचा अगदी कोवळा, तांबूस शेंडा चालत असे. रात्री निजताना साजूक तुपात शंखजिऱ्याची वस्त्रगाळ पूड खलून बोटाने लावायची, म्हणजे झोप लागण्यापुरती तरी आग थांबत असे.

पानाच्या ठेल्यावर मिळणारा गुंजेचा पालाही पुष्कळ लोक यासाठी चघळतात. त्याची गोडी ज्येष्ठमधाच्या जवळची असते आणि तोंड ओलसर राहते. मात्र पाला घरच्या वेलावरून तोडणार असाल, तर शेंगांतील लाल-काळ्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका, कारण त्या अत्यंत विषारी असतात.

यातील काहीही आम्ही कधी उकळून प्यायलो नाही. तोंडाचे औषध तोंडातच राहायला हवे, असे आजी म्हणत असे.

शंकासुर

साधा चट्टा एक ते दोन आठवड्यांत काहीही न करता बरा होतो. त्यामुळे दहाव्या दिवशी जो उपाय हाती असेल, त्याला यश मिळते. पुढील प्रतिसाद लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, एवढीच विनंती.

भरडऔषध

मी आयुर्वेदाची पदवीधर असून गेली सोळा वर्षे सातारा जिल्ह्यात चिकित्सा करते. शंकासुर यांचे म्हणणे मला मान्य आहे, तरीही ते आठ-दहा दिवस जेवता-बोलता यावे, याला रुग्णाच्या लेखी मोल असते.

कागदीलिंबू ताई, तुमच्या काढ्यातील बहुतेक द्रव्ये सर्दी-कफासाठी योग्य आहेत, पण सोललेल्या त्वचेवर ती लावण्याजोगी नाहीत. आले, मिरी आणि दालचिनी ही तिन्ही तीक्ष्ण आणि उष्ण आहेत, आणि चट्टा म्हणजे वरचे आवरण गेलेली उघडी जागा. तेथे ती झोंबतात, हे गुण येण्याचे लक्षण मुळीच नाही. त्यावर तुम्ही ते कढत पीत होतात. येथे आयुर्वेद बाजूला ठेवला तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयांना अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या संदर्भात ‘बहुधा कारणीभूत’ या गटात घातले आहे. थर्मासमधून ओतलेला काढा लगेच तोंडाला लावला, तर तो पुष्कळदा याहून गरम असतो.

आमच्या शास्त्रात या विकाराला मुखपाक म्हणतात. तो तोंडात सर्वत्र पसरू शकतो, म्हणून त्याची गणना ‘सर्वसर’ रोगांत केलेली आहे. त्यावरचा प्रमुख घरगुती उपचार पिण्याचा नसून धरण्याचा आहे. तोंड इतके भरून घ्यावे की आतील द्रव हलवताच येणार नाही, याला गंडूष म्हणतात, आणि खळखळवता येईल इतकेच घ्यावे, याला कवल म्हणतात. मुखपाकासाठी पूर्वापार सांगितलेल्या एका काढ्यात जाईची पाने, गुळवेल, मनुका, धमासा, दारुहळद आणि त्रिफळा अशी द्रव्ये येतात, आणि तो काढा थंड झाल्यावर मध घालून गंडूषासाठी वापरावा, असा निर्देश आहे. यातील ‘थंड झाल्यावर’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत, आणि आपल्याकडे काढा म्हटले की नेमके तेच विसरले जातात.

आता करण्याच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण ‘चहा’ या एका शब्दात तीन वेगळ्या कृती मिसळल्या गेल्या आहेत. भरड रात्रभर गार पाण्यात भिजत ठेवून सकाळी गाळली की हिम होतो, उकळते पाणी भरडीवर ओतून झाकून ठेवले की फांट होतो, आणि मंद आचेवर आटवला तो क्वाथ, म्हणजेच आपला काढा. ग्रंथांत हिमासाठी द्रव्याच्या सहापट, फांटासाठी चौपट आणि क्वाथासाठी सोळापट पाणी सांगितले असून क्वाथ आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावा, असे म्हटले आहे. ही प्रमाणे औषधाची आहेत. घरी एवढे तीव्र करण्याचे कारण नाही, दोन कप पाण्याला चहाचा एक चमचा भरड पुरते. गवती चहा, पुदिना, तुळस, बडीशेप यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असल्यामुळे त्यांचा फांट करावा आणि झाकण काढू नये. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला, म्हणजे कपात यायचे ते हवेत गेले. साली, मुळ्या, त्रिफळा यांना मात्र उकळी लागते. धने, वाळा, मनुका, उपळसरी यांचा हिमच छान लागतो आणि तो मुळातच गार असतो.

तुम्ही असे करून पाहा. जाईची किंवा पेरूची सात-आठ कोवळी पाने आणि पाव चमचा त्रिफळा दोन कप पाण्यात एक कप उरेपर्यंत उकळा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या, मग त्यात चमचाभर मध मिसळा. दिवसातून तीन-चार वेळा एकेक घोट तोंडात दोन-तीन मिनिटे धरून थुंकून टाका. काढा रोज ताजा करावा, शीतकपाटात आठवडाभर ठेवू नये.

कागदीलिंबू

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. काल मंडईच्या परिसरातील काष्ठौषधींच्या दुकानात जाऊन मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘जातीपत्र’ मागितले. दुकानदाराने दहा ग्रॅम केशरी, सुगंधी जाळीदार काहीतरी बांधून दिले आणि जे पैसे घेतले, ते ऐकून मी चकित झाले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही तर मसाल्याची जायपत्री आहे.” आता ती कशात घालावी?

भरडऔषध

बिर्याणीत घालावी. चूक माझी आहे, मी ‘जाईची पाने’ असेच लिहिले होते, पण ती काष्ठौषधींच्या दुकानात मिळत नाहीत, हेही लिहायला हवे होते. जातीपत्र म्हणजे जाईच्या वेलीचे पान, आणि जातिपत्री म्हणजे जायफळावरचे वेष्टण. एका वेलांटीचा फरक आहे आणि दुकानदाराच्या दृष्टीने दुसऱ्याच वस्तूला भाव आहे. जायपत्री उष्ण आहे, ती तोंडात धरू नका.

परसदार

जाई ओळखण्याची खूण सांगतो, कारण रोपवाटिकेतही जाई, जुई, चमेली आणि कुंद या नावांचा मोठा गोंधळ असतो. जाईचे पान संयुक्त असते, म्हणजे एकाच दांड्यावर समोरासमोर छोट्या पर्णिकांच्या जोड्या आणि टोकाला एक मोठी पर्णिका असते. कळी बाहेरून गुलाबीसर दिसते. जुईला बहुधा एकच मोठे पान आणि त्याच्या तळाशी कानाच्या पाळीसारख्या दोन इवल्या पर्णिका असतात. मोगऱ्याचे पान साधे असते. हिंदी भाषक ज्याला चमेली म्हणतात, ती आपली जाई. रोप विकत आणले असेल, तर त्यावर फवारणी झालेली असते, म्हणून नवी फूट येईपर्यंत थांबावे.

राईनकाठ

मी जर्मनीत राहते. येथील अनुभव लिहिते, कारण मूळ प्रश्नातील ‘एकच चहा’ येथे जवळजवळ सापडतो. येथे कोणाच्याही घरी पोट बिघडले, घसा धरला, हिरडी सुजली किंवा झोप लागेना, की पहिल्यांदा कॅमोमाईलचा चहा पुढे येतो. आपल्याकडे युनानी दुकानात बाबूना नावाने मिळतो, तोच हा. तोंडासाठी त्याच्याबरोबर साल्बाय, म्हणजे इंग्रजीत सेज म्हणतात त्या वनस्पतीचा काढा वापरतात. औषधी वनस्पतींचे मूल्यमापन करण्यासाठी येथे १९७८ मध्ये ‘कमिशन ई’ नावाची तज्ज्ञ समिती नेमली होती. तिने तोंडाच्या आतील त्वचेच्या दाहासाठी या दोन्हींच्या गुळण्यांना मान्यता दिली होती. औषधांच्या दुकानात मिळणारे हे चहा ‘औषधी चहा’ या वर्गात मोडतात, आणि किती ग्रॅम फुले, किती पाणी आणि किती मिनिटे झाकून ठेवायचे, हे त्यांच्या वेष्टनावर छापलेले असते. साधारणपणे एका कपाला मोठा चमचाभर सुकी फुले आणि झाकून दहा मिनिटे, असे ते प्रमाण असते.

मी स्वतः असे करते. मोठा कप भरून कॅमोमाईल करते, त्यातील अर्धा निवत ठेवते आणि अर्धा कोमट असताना झोपण्यापूर्वी सावकाश पिते. उरलेला गार झाल्यावर त्याने गुळण्या करते. त्यामुळे एकाच कपात दोन्ही कामे होतात, परंतु वेगवेगळ्या तापमानाला, वेगवेगळ्या वेळी. साल्बाय मात्र फक्त गुळण्यांसाठी वापरावा, कारण त्यात थुजोन नावाचे द्रव्य असते आणि तो चहा महिनोन्‌महिने पिणे योग्य नाही. गरोदर स्त्रियांनी तो टाळावा.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक सूचना विशेष आहे. कॅमोमाईल, शेवंती आणि गाजरगवत ही एकाच कुळातील झाडे आहेत. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेल्या आणि नंतर देशभर माजलेल्या त्या गाजरगवताने ज्यांच्या अंगाला खाज सुटते किंवा ज्यांना शिंका येतात, त्यांनी कॅमोमाईलचा पहिला कप फार जपून घ्यावा किंवा घेऊच नये. वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्यावाचून तो रोज पिऊ नये.

दंतकथा

मी दंतवैद्य आहे. घरगुती उपायांना माझा विरोध नाही. गार, सौम्य तुरट काढ्याच्या गुळण्यांनी बहुतेकांचे नुकसान होत नाही आणि काहींना बरे वाटते. मला काळजी वाटते ती ‘तोंड येणे’ या नावाखाली कितीतरी निराळी दुखणी घरीच दडवली जातात, याची.

मूळ धाग्यात वर्णन केलेला चट्टा नेहमीचाच वाटतो. तो ओठ, गाल, जिभेची कड, जिभेखालची जागा अशा मऊ भागावर येतो, एक सेंटिमीटरपेक्षा लहान असतो, एक ते दोन आठवड्यांत व्रण न ठेवता भरतो आणि तो संसर्गजन्य नसतो. ओठांच्या बाहेर पुंजक्याने येणारे पाण्याचे फोड हे नागिणीच्या कुळातील विषाणूचे असतात आणि ते दुसऱ्याला लागू शकतात. एक सेंटिमीटरहून मोठा, खोल आणि अनेक आठवडे रेंगाळणारा चट्टा हे वेगळे प्रकरण आहे. तोंडाबरोबर जननेंद्रियावरही व्रण येत असतील किंवा डोळे लाल होऊन दुखत असतील, तर गुळण्यांत एक दिवसही घालवू नये.

तीन आठवड्यांत न भरलेला कोणताही चट्टा तपासून घ्यावाच, मग तो दुखत असो वा नसो. न दुखणारा चट्टा अधिक संशयास्पद असतो. आपल्या भागात तंबाखू, गुटखा, सुपारी आणि बायकांमध्ये मिशरी यांचे प्रमाण मोठे आहे. तिखट अजिबात सोसत नाही, गाल आतून पांढुरके आणि ताठ झाले आहेत, आणि स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नाहीत, असे कोणाचे होत असेल, तर ते तोंड येणे नव्हे. सुपारीमुळे होणारा तो निराळाच विकार आहे, त्यातून कर्करोग उद्भवू शकतो आणि कोणत्याही पानाच्या रसाने तो बरा होत नाही.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या व्यक्तीचे तोंड अचानक आले, तर तो त्या औषधाच्या विषारी परिणामाचा इशारा असू शकतो. अशा व्यक्तीने काढा न करता त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे.

ताणाविषयी एक निरीक्षण नोंदवतो. कामात बुडालेली माणसे नकळत गालाचा आतला भाग चावतात, दात आवळतात, घाईघाईत घासतात आणि ब्रश हिरडीत घुसवतात. ताण आणि चट्टा यांच्यातील अनेक दुव्यांपैकी हा एक अगदी साधा दुवा आहे. वारंवार तोंड येणाऱ्यांनी फेस आणणारे सोडिअम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट महिनाभर वापरून पाहावी, काहींना तेवढ्यानेही फरक पडतो.

उंबरठा

ज्येष्ठमधाविषयी कोणीच काही लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. त्यांना रक्तदाबाची गोळी आणि लघवी होण्याची गोळी सुरू होती. घशासाठी चांगले म्हणून ते दिवसभर ज्येष्ठमधाची कांडी चघळत आणि रात्री त्याचाच चहा घेत. दोन महिन्यांनी पाय सुजले, रक्तदाब गोळीला दाद देईना आणि रक्तातील पोटॅशिअम इतके खाली गेले की त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. गोळ्या बदलून झाल्या, पण कांडीचा उल्लेख कोणी केला नाही, कारण आम्हीच ती औषध समजत नव्हतो.

पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितले, ते असे. ज्येष्ठमधातील ग्लिसरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडात कॉर्टिसॉलला निष्क्रिय करणाऱ्या एन्झाइमला अडवते. मग तेथे कॉर्टिसॉल दुसऱ्याच एका संप्रेरकासारखे वागू लागते. परिणामी शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशिअम सोडून देते. युरोपातील अन्नविषयक वैज्ञानिक समितीने नियमित सेवनासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसरायझिनची मर्यादा सुचवलेली आहे. एका कांडीत ते किती आहे, हे घरी कळण्याचा मार्ग नाही. कागदीलिंबू ताई दिवसातून पाच कप पीत होत्या, म्हणून विशेषेकरून लिहिले.

भरडऔषध

उंबरठा यांचे पूर्णपणे बरोबर आहे आणि हे मीच आधी लिहायला हवे होते. ज्येष्ठमधाच्या गार काढ्याने गुळण्या करून थुंकणे वेगळे आणि तो रोज पिणे वेगळे. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असल्यास तो पिऊ नये, आणि इतरांनीही सलग आठवडेच्या आठवडे घेऊ नये.

शंकासुर

आता या धाग्यातील सर्वांत अडचणीची गोष्ट मांडतो. पेरूची पाने, त्रिफळा, बाभळीची साल, कात आणि आपला नेहमीचा चहा यांना जोडणारा धागा म्हणजे टॅनिन. तुरटपणा त्याचाच असतो. टॅनिन चट्ट्यावरील प्रथिनांना आवळून पातळ पापुद्रा तयार करते, त्यामुळे थोडा वेळ झोंबणे कमी होते, येथपर्यंत सगळे ठीक आहे. परंतु हेच टॅनिन पोटात गेल्यावर डाळी, पालेभाज्या आणि धान्यांतील लोह धरून ठेवते आणि ते रक्तात मिसळू देत नाही. वारंवार तोंड येण्याची जी कारणे रक्ततपासणीत सापडू शकतात, त्यांत लोहाची, ब१२ जीवनसत्त्वाची आणि फोलेटची कमतरता अग्रभागी आहे.

म्हणजे शाकाहारी, मासिक पाळी असलेली, कामाच्या धबडग्यात जेवणाबरोबर चहा घेणारी स्त्री तोंड आले म्हणून जेवणानंतर तुरट काढे पिऊ लागली, तर ती मूळ कारणालाच खतपाणी घालते. थुंका, गिळू नका, आणि गिळायचेच असेल तर जेवणाच्या आधी व नंतर निदान तासभर अंतर ठेवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे ब१२ आणखी कमी होऊ शकते. केवळ हिमोग्लोबिन पाहून थांबू नये. ते ठीक असतानाही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो.

मार्चमध्येच तोंड येते, याचा अर्थ कारण ताणच आहे, असे मी लगेच मान्य करणार नाही. मार्चमध्ये आपण काय खातो, किती झोपतो आणि किती चहा पितो, हे सगळेच बदलते.

बाळंतविडा

माझ्या नऊ महिन्यांच्या मुलाच्या जिभेवर पांढरा थर आला आहे. सासूबाई मधात टाकणखाराची लाही खलून लावू म्हणतात. लावावी का?

दंतकथा

कृपा करून लावू नका. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातून क्वचित, पण अत्यंत गंभीर विषबाधा होऊ शकते. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि मधात कालवलेला बोरॅक्स लावल्याने तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. पांढरा थर बहुधा बुरशीचा असतो, त्यावर साधे आणि स्वस्त औषध मिळते. आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

सायंफुल

ताणाचा भाग मागे पडला आहे, म्हणून त्याविषयी लिहिते. मी समुपदेशनाचे काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांना मी प्रथम दिवसभरातील चहा-कॉफी मोजायला सांगते. दोन म्हणणारी व्यक्ती मोजायला लागली की सात निघतात. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सहाचा चहा रात्री अकरालाही अर्धा जागाच असतो. वनस्पतींच्या चहाचा मोठा लाभ माझ्या मते असा आहे की, तो त्या सहाच्या कपाची जागा घेतो. गवती चहाच्या दोन पाती, थोडी बडीशेप आणि खडीसाखर यांचा फांट कोमट करून प्यायला, तर त्यात कॅफिन नसते, तोंडाला झोंबत नाही, आणि पाणी उकळून, झाकून, निवेपर्यंत थांबण्यात जी दहा मिनिटे जातात, तेवढा वेळ माणूस पडद्यापासून दूर राहतो. त्या दहा मिनिटांचा वाटा किती आणि गवताचा किती, हे मी वेगळे काढून सांगू शकत नाही.

अश्वगंधेविषयी हल्ली सर्रास विचारणा होते. तिचा चहा हे तसे नवेच प्रकरण आहे, परंपरेने ती दुधात किंवा तुपात दिली जाते. ताण कमी झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे, परंतु थायरॉईडचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती स्वतःच्या मनाने घेऊ नये, आणि क्वचित यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे ती किराणा मालासारखी विकली जाते, हे मला खटकते.

तळकोकण

सब्जा राहिला. रात्री भिजवलेल्या सब्जाचा चमचाभर बुळबुळीत गोळा, साखर न घालता, तोंडात ठेवून फिरवला की चट्ट्यावर गिलावा दिल्यासारखे वाटते, आणि यात तुरटपणाही नाही, म्हणून शंकासुर यांचीही हरकत नसावी.

शंकासुर

हरकत नाही. उन्हाळ्यात मी स्वतःच खातो.

कागदीलिंबू

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. वह्या काल मिटल्या.

थर्मासमधील काढा पहिल्याच दिवशी बंद केला. परसदार यांच्या खुणेप्रमाणे शोधल्यावर आमच्या सोसायटीच्या कुंपणावर चक्क जाईच निघाली. गेली सहा वर्षे मी तिला जुई समजत होते. तिच्या पानांचा आणि पेरूच्या शेंड्यांचा गार काढा छोट्या बाटलीत भरून कार्यालयात नेऊ लागले. प्रसाधनगृहात दोन मिनिटे गाल फुगवून उभी राहिलेली मला पाहून सहकाऱ्यांनी काय तर्क केले, ते येथे लिहीत नाही. चौथ्या दिवशी वरणभात न रडता खाता आला. शंकासुर म्हणतील की तोपर्यंत जुने चट्टे भरायचेच होते, आणि ते खरे असेल. मात्र नवे चट्टे आले नाहीत असे झाले नाही, एक आला, पण तो आठवड्यात गेला.

संध्याकाळचा चहा सोडणे सर्वांत अवघड गेले. पहिले चार दिवस डोके दुखले. आता सहा वाजता गवती चहा आणि बडीशेप, तेही कोमट. झोप थोडी सुधारली आहे. काम मात्र तेवढेच होते.

रक्त तपासले. हिमोग्लोबिन ११.८ निघाले, त्यावर प्रयोगशाळेतील मुलगी म्हणाली की बायकांचे एवढेच असते. फेरिटिन ९ आणि ब१२ मर्यादेच्या खाली आले. आमच्या डॉक्टरांनी दोन्हींची औषधे सुरू केली असून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले आहे. माझे जेवण बारा महिने सारखेच असते, मग तोंड फक्त मार्चमध्ये का येते, असे विचारल्यावर ते म्हणाले की साठा वर्षभर कमीच असतो, त्या दोन महिन्यांत जागरण आणि चहा यांची भर पडते आणि भांडे सांडते.

भरडऔषध ताईंना एक शंका आहे. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची आहे. जाईच्या काढ्याच्या गुळण्या त्या आधी कराव्यात की नंतर?

भरडऔषध

गोळी आधी घ्या, नंतर तासाभराने गुळण्या करा आणि थुंकून टाका. नवा चट्टा नसेल, तर गुळण्या करूच नका. वेलीला फुलावर येऊ द्या.